निळ्या रंगाखालची भेग

मित्रांनो, माझ्याकडे पाहायचे असेल तर आधी डाव्या बाजूने पाहा. पुढच्या चाकाच्या आत, जिथे चाकाला धरून ठेवणारा लोखंडी दांडा माझ्या सांगाड्याला मिळतो, तिथे निळा रंग संपतो आणि बोटभर उघडे लोखंड दिसते. त्यावर ग्रीस चोपडलेले आहे. माझी सगळी हकीगत त्या बोटभर जागेची आहे. ती अभिमानाची नाही. तरीही सांगते, कारण तुमच्यापैकी कोणी ना कोणी एक दिवस माझ्यासारखी गाडी विकत घ्यायला जाईल.

मी वाळूत चालणारी, चार चाकांची एक जुनी गाडी आहे. कुवेतमध्ये आम्हाला बग्गी म्हणतात. हँडल मोटारसायकलीचे, बैठक एका माणसाची, चाके फुगीर आणि इंजिन एकाच सिलिंडरचे. कारखान्यातून निघाले तेव्हा मी लाल होते. लाकडी खोक्यात बसून बंदरावर उतरले आणि थंडीच्या दिवसांत वाळवंटात जे तंबू लागतात, त्यांच्या वाटेवर तासाच्या बोलीने भाड्याने जाऊ लागले.

ते दिवस कौतुकाचे होते. लोक रांग लावून माझी वाट पाहत. परंतु भाड्याच्या गाडीला कोणी थंड इंजिनावर दोन मिनिटे थांबू देत नाही आणि उतारावर हळू घेत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एका टेकाडावरून मी आडवी पडले. बसणारा हसत उठला. माझ्या सांगाड्याला मात्र डाव्या बाजूला केसाएवढी भेग गेली. भाड्याने देणाऱ्याने ती न घासता, न उघडता तिच्यावर वेल्डिंगचा एक थर ओतला, मला निळा रंग दिला आणि विकून टाकले.

निळी झाल्यावर मी फार सुंदर दिसत होते. तिथूनच माझी लाज सुरू होते.

मला विकत घेतले गुरुप्रसाद यांनी. ते शुऐबाच्या एका रसायन कारखान्यात तपासणी अभियंता आहेत. टाक्या आणि नळ्या यांच्यावर कुठे चीर गेली आहे का, हे पाहून सही करणे हे त्यांचे काम. मला त्यांनी मुलासाठी, नचिकेतसाठी घेतले, आणि मुलासाठी घेताना माणूस जसा रंग पाहतो तसा रंग पाहिला. पुढे त्यांनी माझी निगा मात्र उत्तम राखली. दर सुट्टीला हवेचा फिल्टर धुवायचा, साखळीला तेल द्यायचे. दोन हिवाळे नचिकेतने मला फिरवले. मग तो शिकायला पुण्याला गेला आणि मी मंगफ वस्तीतल्या त्यांच्या इमारतीखाली पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहिले.

एकदा मला धुताना गुरुप्रसादांचा हात डाव्या बाजूला थांबला. वेल्डिंगच्या थराखालून भेग पुन्हा बाहेर आली होती आणि तिच्या कडेला गंजाची बारीक रेघ ओघळली होती. ज्यांचा दिवस चिरा शोधण्यात जातो, त्यांना ती ओळखायला क्षणही लागला नाही. त्यांनी तो गंज नखाने खरवडून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या रंगाचा फवारा आणला, भेगेवर मारला आणि ताडपत्री ओढली. नंतर नीट करून घेऊ, असे ते स्वतःशी म्हणाले. ते नंतर आलेच नाही.

तीन वर्षे मी अंधारात होते, मित्रांनो. कोणीतरी न्यावे, एवढीच इच्छा उरली होती. म्हणून मला विकायला काढल्याचे कळले तेव्हा मला आनंद झाला. भेगेची आठवण मलाही होती, पण ती मी आनंदाच्या आड ढकलली.

घेणारा होता कमाल. मूळचा रत्नागिरीच्या बाजूचा, वय पंचेचाळीस. तो वफ्राच्या एका शेतावर देखरेखीला होता. काकडी आणि ढोबळी मिरचीची अठरा जाळीघरे, आणि दिवसातून दोनदा प्रत्येकात जाऊन पाण्याचा दाब, ठिबकाच्या नळ्या आणि पंखे पाहायचे. उन्हाळ्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि वाळूत इतके चालणे त्याला जमेनासे झाले. शेताच्या मालकाला तिथे सगळे अरबाब म्हणतात. अरबाबाने त्याला सरळ सांगितले होते की फेऱ्या चुकल्या तर दुसरा माणूस येईल. नोकरी गेली की राहण्याचा परवाना गेला. परवाना गेला की बायको नूरबानू आणि मुलगी आफिया यांनाही कुवेत सोडावे लागणार. आफियाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती, आणि तेव्हा नोव्हेंबर चालू होता. कमालला माझी हौस नव्हती. त्याला पाय हवे होते.

गाडी पाहायला त्याने वाजिदभाईंना बरोबर आणले. वाजिदभाई साठी ओलांडलेले, अर्दियातल्या एका गॅरेजात फोरमन. कोकणातल्या तंत्रनिकेतनात शिकलेले. त्यांच्या ओळखीत कोणीही गाडी घ्यायची म्हणजे वाजिदभाई आधी बघणार, असा रिवाज होता. त्यांच्या खिशात एक जाड कार्ड असे. त्यावर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात चौदा कलमे लिहिलेली. एकेक कलम पाहून झाले की पेन्सिलीने खूण. आणि त्यांचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. तपासणी पुरी झाल्याशिवाय विकणाऱ्याच्या घरचे पाणीसुद्धा नाही.

त्या शनिवारी सकाळी गुरुप्रसादांनी मला लवकर उठवले. थंड असताना मी चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला सुरू होते, म्हणून त्यांनी मला आधीच दहा मिनिटे चालवून ठेवले. त्यांची बायको सरोजिनी कचरा टाकायला खाली आली होती.

"त्या डाव्या बाजूचं त्यांना सांगणार आहात ना?" तिने विचारले.

"विचारलं तर सांगेन की."

"आणि नाही विचारलं तर?"

"अगं, बघायला माणूस घेऊन येतायत. तो विचारेलच."

सरोजिनी पिशवी टाकून वर गेली.

थोड्या वेळाने दोघे आले. "घर सापडलं ना लगेच?" गुरुप्रसादांनी विचारले.

"घर लगेच सापडलं. पार्किंगसाठी तीन चकरा मारल्या," वाजिदभाई म्हणाले.

"आधी चहा घेऊ या वर."

"चाय मागाहून. आधी गाडी. सवय हाय माझी, राग मानू नका."

"चाचांचं असंच हाय," कमाल म्हणाला. "माझ्या लग्नातपण आधी मांडवाचे खांब हलवून बघत होते."

"एक हलत होता," वाजिदभाई कार्ड काढत म्हणाले.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण तो माणूस शिकवण्यासारखे काम करत होता. त्यांनी मला सुरू करण्याआधी इंजिनावर तळहात ठेवला. विकायची गाडी थंडच हवी, कारण गरम इंजिन आपले दुखणे लपवते.

"गरम हाय," ते म्हणाले.

"सकाळी जरा फिरवून आणली."

"मग निवू दे. मागाहून बघू." त्यांनी ते कलम रिकामे ठेवले.

मग तेलाची पट्टी बाहेर काढून ती कापडावर टेकवली. तेल दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे, चमचम करत असेल तर आतले लोखंड झिजते आहे. माझे तेल स्वच्छ होते. सांगाड्यावर ठोकलेला नंबर त्यांनी कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. टायरच्या कडेला उन्हाच्या चिरा नाहीत ना आणि बनवल्याचे वर्ष कोणते, ते पाहिले. ब्रेक दाबून मला ढकलले. साखळीच्या चक्राचे दात एका बाजूला वाकलेत का, हे नखाने चाचपले. मनगटाला बांधायची लाल दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडते, ती त्यांनी तीनदा ओढून पाहिली. कमालला बसवून त्याचे पाय दोन्ही बाजूंना नीट टेकतात का आणि हँडल पूर्ण वळवताना कोपर पोटात येतो का, हेही पाहिले. गाडी चांगली असून पुरत नाही, ती बसणाऱ्याच्या मापाचीही असावी लागते.

मग त्यांनी फिल्टरची पेटी उघडली आणि फिल्टरच्या मागच्या नळीत बोट घालून फिरवले. वाळवंटातल्या गाडीची खरी परीक्षा तिथे होते. बोटाला वाळू लागली तर इंजिनाने वाळू खाल्ली असे समजावे. बोट कोरडे आणि स्वच्छ बाहेर आले.

"हे कोणी साफ केलं?"

"मीच करतो."

"हात शिकलेला हाय. कुठं शिकलात?"

गुरुप्रसादांनी नाव सांगितले आणि वाजिदभाईंचे बोट हवेतच राहिले. तेच तंत्रनिकेतन. मध्ये सोळा वर्षांचे अंतर, पण वर्कशॉप तेच आणि शिकवणारे पेडणेकर सरही तेच.

"ठोकळा केलात?" वाजिदभाईंनी विचारले.

"करायलाच लागायचा. तीन आठवडे नुसती कानस."

त्या वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षाला प्रत्येकाला लोखंडाचा एक वेडावाकडा तुकडा देत. तो कानशीने घासून चारही बाजूंनी काटकोनात आणायचा. पेडणेकर सर त्यावर काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरत. कडेतून उजेडाची फट दिसली की काही न बोलता ठोकळा परत.

"माझा सात वेळा परत दिला," वाजिदभाई म्हणाले.

"माझा अकरा वेळा."

दोघे हसले. कुवेतमध्ये इतक्या वर्षांनी तोच ठोकळा घासलेला माणूस भेटावा, याचे दोघांना अप्रूप वाटले. बोलता बोलता वाजिदभाईंनी जॅक लावला आणि माझी पुढची चाके उचलली. उजवे चाक वरखाली हलवले, ते घट्ट होते. मग डावे हलवले.

टक.

आवाज फार बारीक होता. वाजिदभाईंचा हात थांबला. कार्ड गुडघ्यावर होते आणि त्यावर तीन कलमे उरली होती. थंड इंजिनाची सुरुवात, डावे चाक, आणि गाडी कुशीवर घेऊन खालून सांगाडा पाहणे.  गुरुप्रसाद माझ्याकडे नाही, जमिनीकडे पाहत होते.

तेवढ्यात जिन्यातून सरोजिनी आली. हातात ताट, त्यावर झाकण. "थालीपीठ निवेल हो. लोणी घरचं आहे. भाई, तुम्ही कोकणातले, तुम्हाला आवडेल."

"वहिनी, अजून थोडं..." वाजिदभाई म्हणाले. मग त्यांनी ताटाकडे पाहिले, गुरुप्रसादांकडे पाहिले आणि कापडाला हात पुसले.

त्या क्षणी मला आनंद झाला, मित्रांनो. मी वाचले, असे मला वाटले. आजवर मी केलेल्या सगळ्या गोष्टींत त्या आनंदाची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

खाऊन झाल्यावर कमाल म्हणाला, "चाचा, उरलेलं बघता ना?"

वाजिदभाईंनी कार्डाची घडी केली. "ज्यांनी तो ठोकळा अकरा वेळा घासला, त्यांची गाडी काय उलटी करून बघायची? बस झालं."

गुरुप्रसादांनी तोंड उघडले. आता सांगतील, असे मला वाटले.

"वाळूत टायरमध्ये हवा जरा कमी ठेवा," ते कमालला म्हणाले.

तेही खरेच होते. पण ते त्या वेळचे खरे नव्हते.

वफ्रात मी तेवीस दिवस मन लावून काम केले. कमाल सकाळी इंजिनाला दोन मिनिटे देई, मग आम्ही निघत असू. अठरा जाळीघरे, दाबाची अठरा घड्याळे, वहीत अठरा आकडे. अरबाब गुरुवारी येई, वही चाळी आणि मान हलवी. कमालच्या चेहऱ्यावरचा ताण कमी होत होता, आणि माझी भेग रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. मला ते कळत होते. मी दोनदा कुरकुरले. कमालने साखळीला तेल दिले.

चोविसाव्या दिवशी नवव्या जाळीघराच्या वळणावर ती जागा तुटली. डावे चाक आत दुमडले, माझे नाक वाळूत रुतले आणि कमाल हँडलवरून पुढे उजव्या हातावर पडला. लाल दोरी त्याच्या मनगटाला होती. ती ओढली गेली आणि इंजिन तत्क्षणी बंद पडले. नाहीतर मी त्याच्या अंगावर गेले असते. जे तपासले होते त्याने त्याला वाचवले. जे तपासले नव्हते त्याने त्याचे मनगट मोडले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारच्या नमाजानंतर वाजिदभाई आफियाला घेऊन आले. कमाल प्लास्टर घातलेला हात पोटाशी धरून खाटेवर बसला होता. वाजिदभाई माझ्यापाशी गुडघे टेकून बसले आणि खिशातल्या चाकूने त्यांनी निळा रंग खरवडला. तुटलेल्या लोखंडाचा बोटभर भाग चकचकीत होता, तो काल तुटलेला. बाकी सगळा गंजून तपकिरी, तो जुना. आणि त्या जुन्या भेगेच्या आत, खोल, निळा रंग शिरलेला होता.

"काय दिसतं, चाचा?" कमालने विचारले.

"रंग भेगेच्या आत गेलाय. म्हणजे रंग मारताना भेग होती. ज्याने मारला त्याने ती बघितली."

"म्हणजे साहेबांना माहीत होतं?"

वाजिदभाईंनी चाकू मिटला. "मलाही माहीत व्हायला पाहिजे होतं. टक आवाज आला होता. मी थालीपीठ खाल्लं."

आफिया बाजूला उभी होती. ती इतकेच म्हणाली, "बट चाचा, यू ऑल्वेज चेक एव्हरीथिंग."

वाजिदभाईंनी खिशातून कार्ड काढून पाहिले. तीन रिकाम्या जागा. त्यांनी तिथूनच फोन लावला. "साहेब, वाजिद बोलतोय. आपला ठोकळा सरांनी परत दिला असता. या, बघून जा."

गुरुप्रसाद तासाभरात आले. माझी तुटकी बाजू पाहिली, मग कमालचा हात पाहिला.

"तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," ते म्हणाले. आणि बोलून झाल्यावर त्यांना आपलेच शब्द ऐकू आले.

"होय," वाजिदभाई म्हणाले. "आणि मी विचारलं नाय. आता ह्या मनगटावर कोणाचं नाव घालू, सांगा."

"मी गाडी परत नेतो. सगळं भरून देतो."

कमालने पहिल्यांदा आवाज चढवला. "गाडी नेलीत तर मी काय करू, साहेब? मला फेऱ्या पाहिजेत. सकाळची आम्ही घरची माणसं कशीतरी चालत करू. दुपारची कोण करणार? तुम्ही?"

तो रागाने बोलला होता. पण गुरुप्रसाद म्हणाले, "हो. मी."

शुऐबाची पाळी तीनला सुटते. त्यानंतर रोज ते वफ्राला येत आणि कमालची वही घेऊन अठरा जाळीघरे चालत. सुट्टीच्या दिवशी दोन्ही फेऱ्या. बूट वाळूने भरत, ते काठाला बसून झटकत आणि पुढे जात. मी शेडमध्ये तीन चाकांवर कलंडून ते पाहत असे आणि मला मान वर करवत नसे. पहिला आठवडा कमाल त्यांच्याशी आकड्यांपलीकडे बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "बाराव्या घराचं घड्याळ दोन पॉइंट जास्त दाखवतं. वजा करून लिहा."

एका गुरुवारी अरबाबाने त्यांना पाहिले. "ये कौन है?" त्याने विचारले.

कमाल पुढे आला. "सदीक है, बाबा. दोस्त. शुऐबा में इंजिनियर है."

"इंजिनियर? इधर खियार गिनता है?" खियार म्हणजे काकडी.

"हाँ," गुरुप्रसाद म्हणाले. "गिनता है."

अरबाबाने वही चाळली. एकही रकाना रिकामा नव्हता. तो हसत गाडीत बसून निघून गेला. दुसरा माणूस आला नाही.

शनिवारी सकाळची फेरी आटोपली की मला पिकअपमध्ये घालून अर्दियाला नेत. वाजिदभाईंनी भेगेची संपूर्ण जागा कापून काढली. तिथे बसवायला लोखंडाचा नवा तुकडा लागणार होता. यंत्रावर तो पाच मिनिटांत झाला असता. वाजिदभाईंनी तो शिकंज्यात आवळला आणि गुरुप्रसादांच्या हातात कानस दिली.

गुरुप्रसाद घासत राहिले. वाजिदभाईंनी गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला आणि काही न बोलता परत दिला. दुसऱ्यांदा परत दिला. तिसऱ्यांदाही. गुरुप्रसादांच्या तळहाताला फोड आला होता. चौथ्यांदा कडेतून उजेड आला नाही. मग वेल्डिंग झाले, तेही थराथराने, प्रत्येक थर घासून आणि पाहून.

शेवटी गुरुप्रसादांनी विचारले, "रंग कोणता लावायचा?"

"रंग नाय लावायचा," वाजिदभाई म्हणाले. "गंजू नये म्हणून ग्रीस लावा. बाकी दिसू दे."

मग त्यांनी पेन्सिल आणि कार्ड काढले. गुरुप्रसादांनी ते हातातून घेतले आणि उलटे केले. मागची बाजू कोरी होती. त्यांनी तिथे लिहिले, 'विकणाऱ्यासाठी. न विचारता सांगावे.' खाली दुसरे कलम नाही. वाजिदभाईंनी वाचले आणि पुढच्या बाजूला चौदाव्याखाली पंधरावे कलम घातले, 'आपला माणूस असेल तर सगळे पुन्हा एकदा तपासावे.'

कमालचे प्लास्टर निघाले. आफियाची परीक्षा ठरल्या वेळी, कुवेतमध्येच झाली. गुरुप्रसाद अजूनही कधी शुक्रवारी येतात आणि कमालच्या मागून एक फेरी चालत करतात. कोणी त्यांना या म्हणत नाही आणि येऊ नका असेही म्हणत नाही. मागच्या वेळी सरोजिनीने थालीपीठ पाठवले होते. वाजिदभाईंनी आधी माझ्या खाली वाकून पाहिले, मग डबा उघडला.

मित्रांनो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा थंड इंजिनावर हात ठेवा, फिल्टरच्या मागे बोट घाला, चाके हलवा आणि गाडी उलटी करून पाहा. चकचकीत रंग दिसला तर तिथेच जास्त वेळ थांबा. विकणारा चांगला माणूस आहे म्हणून एकही कलम सोडू नका, कारण चांगला माणूसही गप्प बसतो. आणि आम्हा गाड्यांवर विसंबू नका. आम्हाला विकले जायचे असते.

कमाल रोज सकाळी मला सुरू करण्याआधी वाकतो आणि त्या उघड्या लोखंडावरून अंगठा फिरवतो. ग्रीस लागलेला अंगठा तो पँटला पुसतो, त्यासाठी नूरबानूची रोज बोलणी खातो. त्याचा अंगठा तिथे असतो तेवढा वेळ मला लाज वाटते. मग तो लाल दोरी मनगटाला बांधतो आणि आम्ही पहिल्या जाळीघराकडे निघतो.